कुणी उठायचं नाही

घाटनांदूरला वनमालाबाईंच्या पिठाच्या गिरणीवर दळण न्यायचं म्हणजे आधी डबा रांगेत ठेवायचा, मग बाकावर बसायचं आणि मग 'ढेकूळ' ऐकायचं. यातली तिसरी गोष्ट टाळायची सोय नव्हती. ढेकूळ म्हणजे पुण्याचा एक रॉक बँड. तीन पोरं आणि एक पोरगी, विजेवरच्या गिटारी आणि ड्रम घेऊन मराठीत गातात. किंवा वनमालाबाईंच्या सासरची माणसं म्हणतात तसं, बोंबलतात. गिरणीतल्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, एक काळा स्पीकर ठेवलेला असे आणि गिरणी सुरू झाली की तोही सुरू होई. सेहेचाळीस वर्षांच्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईला ही आवड कुठून लागली, असं बाहेरगावची माणसं विचारत. गावातली विचारत नसत, कारण त्यांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, गिरणीच्या पट्ट्यात वनमालाबाईंचा उजवा हात गेला. नशीब थोर म्हणून शेवटच्या दोन बोटांवर निभावलं. नवरा शहादेव उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दिवाळी झाली की तो कोल्हापूरकडे जातो तो होळीलाच उगवतो. त्या वर्षी तो पंधरा दिवस जास्त थांबला आणि मग मुकादमाचे फोन यायला लागले तसा गेला. हात महिन्याभरात बरा झाला. पण गिरणीचं बटण दाबायची वेळ आली की बाईंना दरदरून घाम फुटायचा. मोटार घरघरली की त्या उंबऱ्याबाहेर पळायच्या. चार महिने गिरणीला कुलूप होतं. लोक गावाच्या दुसऱ्या टोकाला दळण नेऊ लागले, आणि भेटायला येणारे जाता जाता सल्ला देऊन जात की गिरणी विकून टाका.

लेक संस्कृती अंबाजोगाईला कॉलेजात होती. ती एका शनिवारी घरी आली, आईच्या कानात आपल्या मोबाइलचे इअरफोन घातले आणि म्हणाली, यात गिरणीचा आवाज येणार नाही, बघ. गाणं होतं 'सुरू कर'. आधी ड्रमचा असा काही दणका, की बाईंना वाटलं छप्पर आलं खाली. त्यानंतर एक पोरगा घसा फोडून सांगत होता:

हात थरथरतोय? थरथरू दे.
पाय अडखळतोय? अडखळू दे.
तू फक्त सुरू कर.

हे कुणीतरी आपल्यालाच सांगतंय, असं बाईंना वाटलं, आणि तेही लाडीगोडी न लावता, दम देऊन. गेले चार महिने जो तो त्यांना गोंजारत होता. त्या गोंजारण्याचा त्यांना वीट आला होता. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. त्या दिवशी घरची पायलीभर ज्वारी दळून निघाली. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा डबा आला. गाणं तेवढं कानातून निघून फळीवर गेलं, कारण कानात बोळे घालून पट्ट्याजवळ उभं राहणं म्हणजे उरलेली बोटंही घालवणं.

तेव्हापासून त्या पोरांना समोर गाताना बघायचं आणि तोंडावर एकदा सांगायचं, की बाबांनो, तुमच्यामुळं माझी गिरणी चालू झाली, एवढी एकच इच्छा बाईंनी धरली होती. पुण्याला जाऊन कार्यक्रम बघणं काही जमणारं नव्हतं. म्हणून त्या बँडच्या प्रत्येक व्हिडिओखाली लिहीत: 'छान. गिरणीवर रोज लावते. वनमाला, घाटनांदूर.' दोन वर्षं लिहिलं. उत्तर कधी आलं नाही, आणि यावं असं त्यांना वाटतही नव्हतं. एकदाच संस्कृतीने आईला विचारलं, की तेच तेच कशाला लिहितेस? तर बाई म्हणाल्या, देवाला आपण रोज वेगळं काही सांगतो का?

मग एका पावसाळ्यात बँडने जाहीर केलं, की या थंडीत आम्ही लहान गावांत वाजवणार, जिथं आम्हाला कुणी बोलवत नाही तिथं. तुमच्या गावात का यावं ते सांगा. शेकडो लोकांनी लिहिलं. वनमालाबाईंनी दोन संध्याकाळी खर्चून लिहिलं, 'आमच्या गावात मंगल कार्यालय आहे. पौषात लग्न नसतं म्हणून रिकामं असतं. आमची माणसं गाणं मन लावून ऐकतात. तुम्ही या.'

आठवड्याने फोन आला. पलीकडचा माणूस लखन बोलतोय म्हणाला. गावात लखन तीन. बाईंनी सांगून टाकलं, की तुमचे गहू झालेत, डबा घेऊन जा. मग तो हसला, आणि ते हसणं बाईंना गाण्यातून ओळखीचं होतं. 'ढेकूळ'मध्ये 'सुरू कर' गाणारा लखन तो हाच. लखनने फार लांबण लावली नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, की लोक खरंच येतील का आणि ऐकतील का, कारण मागच्या महिन्यात एका गावी ते गेले तर आयोजकांनी अर्ध्यात बंद करून नेत्याचा वाढदिवस उरकला होता.

"येत्यात," बाई म्हणाल्या, "आन् मन लावून ऐकत्यात. माझा शब्द हाय."

शब्द देऊन झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की पौषात मंगल कार्यालय रिकामं असतं तसं गावही अर्धं रिकामं असतं. नाचणारी, उड्या मारणारी म्हणावीत अशी सगळी तरणी माणसं उसाला नाहीतर पुण्याच्या कंपन्यांत. मागं उरतात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली पोरं. रॉक बँडला असा श्रोता मिळाल्याचं निदान बाईंनी तरी कुठं पाहिलं नव्हतं. पण बाई गिरणीवाली. कुणाच्या घरात कोण, किती आणि कशाला हो म्हणेल, हे त्यांच्याइतकं सरपंचालाही माहीत नसेल.

त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं. दरवर्षी घरी दहा-पंधरा बायका येत. यंदा मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी चारला, सगळ्या गावाला, वाण आणि सोबत गाणी. कार्यालय पप्पूचं. पौषभर त्याच्या तिथं सतरंज्यांना उंदीर लागत, तेव्हा त्यानेही आनंदाने चावी दिली. पुरुषांसाठी बाई भजनी मंडळाच्या धोंडीराम बुवांकडे गेल्या. बुवा सत्तरीचे, आवाज अजून खणखणीत. बुवा आले की त्यांच्यामागं पन्नास माणूस येणार हे ठरलेलं.

आणि इथं बाईंनी एक चूक केली. चूक कसली, त्यांना तर ती आपली हुशारी वाटली. पुण्याची मोठी कलाकार माणसं येणार, त्यांचा मान राहिला पाहिजे, म्हणून त्या घरोघर बजावत फिरल्या: चपला बाहेर काढायच्या, बायकांनी डावीकडं बसायचं, पुरुषांनी उजवीकडं. गाणं चालू असताना बोलायचं नाही. लेकरांना रडू द्यायचं नाही. आणि काही झालं तरी कुणी उठायचं नाही. सप्ताहात कीर्तनकाराचं निरूपण चालू असताना आपण बसतो ना, अगदी तसं.

गावाने ऐकलं. घाटनांदूरने वनमालाबाईंचं इतकं मनापासून कधीच ऐकलं नव्हतं.

रविवारी दुपारी बँड आला. लखन उंच, केस मागं बांधलेले, दंडावर गोंदण. ड्रम वाजवणारी करिष्मा एवढीशी पोर, पण स्वतःचे ड्रम स्वतः उचलून आत नेत होती. बास वाजवणारा शिवशंकर जाडजूड आणि लाजरा. चौथा सोमनाथ, तो वायरींतून डोकं वर काढत नव्हता. बाईंनी त्यांना आधी बसवून हुरडा खायला घातला. मनातलं बोलायचं होतं, पण करिष्मा म्हणाली काकू किती गोड आहे हो हा, आणि बाई आणखी हुरडा आणायला उठल्या. कार्यक्रम झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. पप्पूने चौघांनाही बूट काढायला लावले. स्टेजवरचा नवरा-नवरीचा सोफा बाजूला सरकवला होता, मात्र मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरं काढायची राहिली होती. त्यामुळे बँडच्या डोक्यावर 'शुभविवाह' असं लिहिलेलं होतं.

चारच्या ठोक्याला दीडशे माणूस सतरंजीवर मांडी घालून बसलेलं होतं. घाटनांदूरच्या इतिहासात कुठलाही कार्यक्रम वेळेवर सुरू झाल्याची ही पहिलीच खेप असावी. वनमालाबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, ड्रमच्या बाजूला. शेजारी भिवराबाई, पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या, तरी मांडी घालूनच.

"नमस्कार घाटनांदूर!" लखन माइकवर ओरडला.

पुण्यात यावर किंकाळ्या उठतात. इथं धोंडीराम बुवांनी शांतपणे हात जोडले, आणि त्यांचं बघून दीडशे जणांनी जोडले.  मग त्यानेही हात जोडले आणि गिटारला हात घातला.

पहिल्या ठोक्याला पत्र्यावरचे पारवे भुर्रकन उडाले. खिडक्यांची तावदानं थरथरली. वनमालाबाईंना तो ड्रम छातीत ऐकू आला. फळीवरच्या स्पीकरमधून येत होती ती नुसती बातमी होती, आता समोर प्रत्यक्ष माणूस उभा होता. गातागाता लखनच्या मानेची शीर फुगत होती. करिष्माचे हात दिसेनासे होत होते. बाईंना वाटलं, उठावं आणि व्हिडिओत ती पुण्याची पोरं करतात तसं दोन्ही हात वर करावेत. पण नियम त्यांनीच घातला होता. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते तेवढं पदराने पुसलं.

गाणं संपलं. शांतता. कुणीतरी खोकलं. एका लेकराने झालं का गं म्हणून विचारलं आणि त्याला चिमटा बसला.

आता टाळ्यांचं म्हणाल, तर त्या इकडं पुढाऱ्याच्या सभेत वाजतात, आणि त्यासाठी माणसं जीपमध्ये घालून आणावी लागतात. कीर्तनात निरूपण मनाला भिडलं म्हणून कुणी टाळ्या पिटत नाही. पण हे लखनला कोण सांगणार? त्याने दुसरं गाणं म्हटलं, तिसरं म्हटलं. तिसऱ्यानंतर आवाज फार होतोय का म्हणून विचारलं. बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे कुणी बोललं नाही. शेवटी बुवांनाच राहवलं नाही. त्यांनी हात वर करून चालू द्या महाराज असं अदबीने सांगितलं. चौथ्या गाण्याला लखन म्हणाला, उभे राहा, पुढे या. मागच्या दोन पोरी अर्ध्या उठल्या. भिवराबाईंनी वळून नुसते डोळे वटारले आणि पोरी होत्या तिथं बसल्या.

पाचव्या गाण्यात लखनचा आवाज बसकट लागला. चेहरा उतरला होता. माणूस पाहुणा म्हणून जेवायला बसावा आणि वाढणाऱ्यांनी गप्प उभं राहून त्याच्या ताटाकडे बघावं, तसं त्याचं झालं होतं. गाणं संपताच तो ड्रमकडे वळला. करिष्मा पुढे वाकून काहीतरी बोलली. माइकपासून ते लांब होतं, पण पहिल्या रांगेत ऐकू आलं.

"बस करू या रे. शेवटचं एक घेऊ आणि निघू. त्रास होतोय त्यांना. बिचारे काकूंच्या शब्दाखातर बसलेत."

चौदा गाणी ठरली होती, झाली होती पाच. वनमालाबाईंनी मागं वळून पाहिलं. गावातलं एकूणएक माणूस त्यांच्या बाकावर कधी ना कधी बसलेलं. कोण कशाने खूश होतं हे त्यांना पाठ होतं. धोंडीराम बुवांचे डोळे मिटलेले होते, म्हणजे बुवा पार आत उतरलेले. भिवराबाईंची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. पप्पू दारात चहाचा कप हातात घेऊन उभा होता आणि चहा प्यायचा विसरला होता. सगळ्या गावाला आवडलं होतं, आणि ज्यांना ते कळायला हवं तेवढ्या चौघांनाच ते कळत नव्हतं. आता ही पोरं हिरमुसून जाणार. ज्यांनी आपल्याला उभं केलं, त्यांना आपणच बोलावून, आपल्याच हाताने, आपल्याच गावात खाली बसवलं. हा विचार बाईंना पट्ट्यातल्या बोटांपेक्षा जास्त लागला.

त्या उठल्या.

मागून बसा, बसा अशी कुजबुज झाली. भिवराबाईंनी पदर ओढला. बाईंनी तो सोडवून घेतला, स्टेजच्या तीन पायऱ्या चढल्या आणि माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी माइक हातात धरला नव्हता. समोर बघायचं धाडस झालं नाही, म्हणून त्या लखनकडेच तोंड करून बोलल्या.

"जरा थांबा. तुमाला वाटतंय, ह्यांना आवडलं न्हाई. त्यात चूक माझी हाय. मीच घरोघर सांगून आले, कुणी बोलू नका, कुणी उठू नका. तुमचा मान ठिवायचा म्हणून." त्यांनी मागं न बघताच गावाकडे हात केला. "आमच्याकडं न्हाई आवडलं तर माणूस तोंडावर सांगत न्हाई. टाळ्या बी वाजवतंय. पण बसत न्हाई. तंबाखूचं निमित्त करून उठतंय आन् घरला जातंय. परवाच्या सभेत भाषण संपायच्या आत निम्मा मांडव मोकळा झालता. आता हितं बघा. तास झाला. एक माणूस पाणी प्यायला बी उठलं न्हाई."

लखनने पाहिलं. चौघांनीही पाहिलं. दीडशे माणसं मांडी घालून, जागची न हलता, त्यांच्याकडे टक लावून बसलेली होती. तीच माणसं, तशीच बसलेली, पण आता ती वेगळी दिसू लागली असावीत, कारण शिवशंकरचं तोंड उघडंच राहिलं.

बाई मग गावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, की मी घातलेला नियम मीच मोडते, आता ज्याला जे वाटतं ते त्याने बोलावं. पण गप्प बसवलेलं गाव असं एकदम बोलत नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. अखेर भिवराबाईंनी तोंड उघडलं.

"आवडलं नसतं तर ह्या गुडघ्यांनी घंटाभर बसले असते व्हय मी? लई ग्वाड गातंय लेकरू. पण ते गिरणीचं गाणं कावून म्हणंना? त्याच्यासाठीच तर आले."

सगळा हॉल हसला. त्या दुपारी त्या छपराखाली माणसांचा असा आवाज पहिल्यांदाच झाला. लखनला कळेना, गिरणीचं गाणं म्हणजे कोणतं. तेव्हा धोंडीराम बुवांनी डोळे मिटून, कानाला हात लावून, आपल्या भजनाच्या चालीत खणखणीत सूर लावला: 'हात थरथरतोय, थरथरू दे...' दुसरी ओळ भजनी मंडळाने झेलली. तिसरी बायकांनी उचलली. तीन वर्षं दळणाची वाट बघत अख्ख्या गावाने ते गाणं ऐकलं होतं. त्याचं खरं नाव, बँडचं नाव, काही कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही कुणाला पडली नव्हती.

लखनने हातातली गिटार खाली घेतली. मग माइकचा दांडा उचलून तो पायऱ्या उतरला आणि सतरंजीवर, पहिल्या रांगेच्या समोर, मांडी घालून बसला. शिवशंकर आणि सोमनाथ त्याच्यामागं वायरी ओढत उतरले आणि बसले. करिष्मा मुळातच बसलेली होती. तिने काठ्या उचलल्या आणि लखनकडे पाहून मान हलवली.

मग 'सुरू कर' झालं. बाईंनी ते हजार वेळा ऐकलं असेल. पण दोन हातांवर बसलेला माणूस ते गातोय, आणि गाताना तो भिवराबाईंच्या डोळ्यांत बघतोय, आणि भिवराबाईंचे ओठ त्याच्या शब्दागणिक हलतायत, हे काही त्या काळ्या डब्यातून येणारं नव्हतं. लखन ओरडत होता, पण आता त्यात रेटा नव्हता. ऐकणारं माणूस ऐकतंय याची खात्री झालेल्याचं ते ओरडणं होतं. गावाने तेव्हाही उड्या मारल्या नाहीत. माना तेवढ्या डोलू लागल्या, दीडशे माना एका लयीत. वनमालाबाईंचं मन भरून आलं. आपल्या वाट्याला हे आलं, या जन्मी, या गावात, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी वर पत्र्याकडे बघून हात जोडले.

त्यानंतरची आठ गाणी सतरंजीवरूनच झाली. एका गाण्याचं मधलं कडवं बुवांनी पुन्हा म्हणायला लावलं, कारण त्यातला एक शब्द त्यांना नीट लागला नव्हता. लखनने ते पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि शब्दाचा अर्थही सांगितला. बुवांनी मान डोलावली आणि मग पुढचं चालू झालं.

दिवेलागणीला कार्यक्रम संपला. तेव्हाही टाळी पडली नाही. धोंडीराम बुवा उठले, टोपी सारखी केली, चालत पुढे आले आणि वाकून त्यांनी लखनच्या पायांना हात लावला. लखन विजेचा झटका बसल्यासारखा मागं सरला. आजोबा, हे काय करताय, असं म्हणत त्याने बुवांचे हात धरले. बुवांनी शांतपणे ते सोडवून घेतले.

"तुमच्या पायाला न्हाई हो. गाण्याला हाय. होऊ द्या."

बुवांच्या मागं रांग लागली होती. सप्ताहात कीर्तन संपल्यावर कीर्तनकाराच्या दर्शनाला लागते तशीच, पुरुषांची एक आणि बायकांची एक. दंडावर गोंदण असलेल्या, अनवाणी उभ्या असलेल्या त्या पोरासमोर म्हातारी माणसं एकामागून एक वाकत होती, आणि तो प्रत्येकाला धरून उठवत होता. बायकांनी करिष्माला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, चौघांच्या ओंजळीत तिळगूळ घातला. शिवशंकरची ओंजळ भरून सांडायला लागली तसा तो सरळ रडायलाच लागला, तेव्हा भिवराबाईंनी पदराने त्याचे डोळे पुसले आणि ते लाडू खिशात ठेव की बाबा म्हणून सांगितलं.

वनमालाबाई रांगेत सगळ्यांत शेवटी होत्या. त्यांची पाळी आली तोवर हॉलमध्ये पप्पू सतरंज्या गुंडाळू लागला होता. त्या वाकायला गेल्या, तोच लखनही वाकला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. बाई हसल्या. मग त्यांनी ते तीन वर्षांचं वाक्य बोलायला घेतलं, आणि ते एका वाक्यात मावेना.

म्हणून त्यांनी सगळंच सांगितलं. पट्टा, बोटं, शहादेवचं जाणं, चार महिन्यांचं कुलूप, कपाळावरचा घाम, इअरफोन, पायलीभर ज्वारी. आपल्या बोलीत, अडखळत, मधेच मागं जाऊन राहिलेलं उचलत सांगितलं. सोमनाथ वायरी गुंडाळायचा थांबला. टेम्पोवाल्याने बाहेर दोनदा भोंगा वाजवला. असं कुणी सांगायला लागलं की कलाकार माणूस हसून अहो त्यात काय एवढं म्हणतो, आणि पुढच्याकडे वळतो. लखन वळला नाही. तो समोर उभा राहिला, हात पुढे बांधून, जागचा न हलता. त्याने मध्ये हुंकारसुद्धा दिला नाही. बाई बोलायच्या थांबल्या तरी, अजून काही राहिलं असेल म्हणून, तो थांबून राहिला.

"लई उपकार झाले तुमचे," बाई शेवटी म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं."

"ऐकलं, काकू," लखन म्हणाला.